नाना ‘छान आहे’ म्हणाले

लग्न होऊन मी ठाकूरद्वारच्या चाळीत आले, त्याच वर्षी आश्विनात सासूबाईंनी मला पहिल्यांदा एकटीला शेजारी पाठवलं. हातात ताटली, ताटलीत मी केलेले भोपळ्याचे घारगे. शेजारच्या खोलीत नाना आणि माई असं जोडपं राहत असे. नाना फोर्टातल्या एका विलायती कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गॅलरीत आरामखुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एक घारगा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, तुकडा मोडून सावकाश चावला आणि म्हणाले, “गूळ काळा आहे. कडेला मऊ राहिलेत. वेलदोडा घातला असं समजायचं.” एवढं बोलून त्यांनी एकेक करत सगळे घारगे संपवले आणि ताटली माझ्या हातात ठेवली. “पुढच्या खेपेला बघ जमलं तर, सूनबाई.”

माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी मात्र ताटलीकडे पाहिलं आणि त्या हसल्या. “रिकामी आली ना? मग आवडलेत त्यांना.”

नानांना वर्षभर कशातही खोट सापडे, पण पाऊस सरून लख्ख ऊन पडायला लागलं की त्यांना खरा जोर चढे. पावसाळ्यात फुगलेलं दार अजून चौकटीत बसत नसे. ते ओढताना नाना त्या सुताराचा उद्धार करत, जो बहुधा त्यांच्या जन्माआधीच वारला असावा. माई गाद्या-उशा कठड्यावर उन्हात घालत. नाना कावळे हाकत बसत आणि ऊन नेमकं शेजाऱ्यांच्या उशांवरच कसं पडतं यावर बोलत राहत. दुपारी दूध नासलं की गवळी वाईट. नाही नासलं, तर त्यात पाणीच इतकं की नासणार काय, म्हणून गवळी वाईट.

सीताफळं आणायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गिरगावातून स्वतः दाबून दाबून आणत, तांदळाच्या डब्यात पिकत घालत आणि घटकेघटकेला झाकण उघडून बघत. माई म्हणायच्या, फळ तुमच्या भीतीनंच पिकत नाही. शेवटी एकदाचं पिकलं की नाना वाटी-चमचा घेऊन बसत. “सगळ्या बियाच. खायचं काय माणसानं?” असं म्हणत आणि डोळे मिटून खात. शनिवारी माईंसाठी शेवंतीची वेणी आणत, तीही ‘हल्ली शेवंतीला वास म्हणून राहिला नाही’ असं म्हणूनच त्यांच्यापुढे ठेवत. माईंना याचं काही वाटत नसे. नवरा बोलत असे आणि त्या आपलं काम करत असत. नळ वाहतो तसा तो आवाज घरात असायचाच.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. पहाटे प्रभातफेरी निघे, संध्याकाळी सभा असत. नाना एकही सभा चुकवत नसत आणि परत येऊन वक्त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढत. फेरीतली मुलं बेसूर गातात, कर्णा खरखरतो, घोषणेतला शेवटचा शब्द पडतो. या माणसाला चळवळीचं काही सोयरसुतक असेल, असं आमच्या चाळीत कुणालाही वाटलं नव्हतं.

एका दुपारी जेवण झाल्यावर नानांनी कोट चढवला, काळी टोपी घातली आणि चहा चारला लागेल, उकळून काढा करू नकोस, असं माईंना सांगून ते बाहेर पडले. चार वाजून गेले, दिवेलागण झाली. मग माझे यजमान बातमी घेऊन आले. नाना सत्याग्रहींच्या तुकडीत पहिल्या रांगेत उभे राहिले होते, बंदीहुकूम मोडला होता आणि पोलिसांच्या गाडीत बसून गेले होते. माई एवढंच म्हणाल्या, “आधी बोलले असते तर धुतलेला सदरा तरी दिला असता.”

नाना तुरुंगात गेले आणि आमच्या मजल्यावर विचित्र शांतता पसरली. माई रोज चहा करायच्या आणि पहिल्या घोटानंतर थांबायच्या, कुणी काही बोलेल म्हणून. स्वयंपाकातलं त्यांचं लक्ष उडालं. सासूबाई त्यांना मुद्दाम सांगायच्या, माई, आज आमटी पातळ झाली हो. माई मान हलवायच्या, पण त्यात काही राम नव्हता.

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा सोबतीला मी गेले. जाळीपलीकडे नाना आले. दाढीचे खुंट वाढलेले, गळ्याजवळ सदरा सैल झालेला. माईंनी विचारलं, जेवण कसं असतं. नाना म्हणाले, “छान आहे.” झोप लागते का? छान लागते. डास? डास नाहीतच म्हणे.

माई घरी येऊन उंबऱ्यापाशीच बसल्या. “त्यांना काहीतरी झालंय,” त्या मला म्हणाल्या. “या माणसाच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकलेला नाही.” मी समजूत घातली, की तुम्हाला काळजी नको म्हणून म्हणाले असतील. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मीच वेडी आहे.

पुढच्या भेटीला त्यांनी चिवडा नेला. तो करताना मी शेजारीच होते. त्यांनी मीठ घातलं, चाखलं, पुन्हा घातलं आणि मग मूठभर आणखी घातलं. मी हात धरला तर म्हणाल्या, असू दे.

शिपायानं पुडी उघडून पाहिली आणि आत दिली. नानांनी चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. त्यांचा चेहरा आक्रसला, पण तो त्यांनी सावरला. “छान झालाय,” ते म्हणाले.

माईंनी जाळी धरली. आवाज चढला नाही. “मी काय पाहुणी आहे का तुमची?”

शेजारी दुसऱ्या भेटी चालल्या होत्या. कुणाची आई रडत होती, कुणी लेकरू उचलून दाखवत होतं. मग नाना जाळीजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “भाकरीत खडे येतात. घोंगडीला वास मारतो. शेजारचा असा घोरतो की भिंत हलते. डोळ्याला डोळा लागत नाही, माई.” त्यांनी चिवड्याच्या पुडीकडे बोट केलं. “आणि हे काय केलंयस? मिठागर लुटलंस की काय?”

माई पदर तोंडाला लावून रडल्या. वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं तरी नाना बोलतच होते आणि माई मान डोलावत सगळं ऐकत होत्या.

नाना दिवाळीच्या आत सुटले. पुढे महाराष्ट्र झालेला त्यांनी पाहिला, आणखी काही वर्षं जगलेही. आता दोघंही नाहीत. सुटून आल्यावर एकदा मी त्यांना धीर करून विचारलं होतं, की नाना, तुम्ही तसं का म्हणालात?

नानांनी चष्मा काढून पुसला. “आमच्या बराकीत लालबागचा एक गिरणीकामगार होता. बायको भेटायला आली की तिला सांगायचा, सगळं छान आहे, आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला वाटलं, माणसानं असं असावं. दोन दिवस मनाशी घोकून गेलो होतो. पण नाही जमलं. तिला उगाच रडवलं.”

आतून माईंचा आवाज आला. “त्यासाठी नव्हते रडले. चारचौघांत माझ्या चिवड्याला नावं ठेवलीत, म्हणून रडले.”