ताईंची परडी आणि पाचवं दार

ताईंना जाऊन आज वर्ष झालं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो त्यांच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

वर "प्रथम पुण्यस्मरण". खाली हात जोडलेली मी. माझ्या नावापुढे "इच्छुक".

फ्लेक्ससाठी मला कुणी विचारलं नाही. फोटो माझ्या भाचीच्या लग्नातला आहे, शेजारची माणसं कापून काढलीत.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. नाशिक रोडच्या आमच्या वॉर्डाच्या माजी नगरसेविका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या तेवढ्याच माहीत आहेत.

मला माहीत असलेल्या ताई अनवाणी चालायच्या.

आमच्या घरी देवीची परडी आहे. सासूबाईंनी ती ताईंच्या हातात दिली. नवरात्रातल्या मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, मिळालेल्या पिठाच्या भाकरीचा देवीला नैवेद्य दाखवायचा. घरं सासूबाईंनी ठरवलेली, ती बदलायची नाहीत.

पाचवं घर सुमनमावशींचं. मागच्या गल्लीत.

मी लग्न होऊन आले तेव्हा ताईंना विचारलं होतं, "आपल्या घरात एवढं असताना लोकांच्या दारात कशाला मागायचं?"

ताई चांदवडच्या. म्हणाल्या, "आगं, एवढं हाय म्हणूनच मागायचं. माणूस लय माजतं, नाय मागितलं तर."

मग वॉर्ड महिला राखीव झाला. नगरसेवक व्हायची भाऊजींची, म्हणजे ताईंच्या नवऱ्याची, इतक्या वर्षांची धडपड, आणि नाव लागलं ताईंचं.

समोरच्या पक्षाने सुमनमावशींना उभं करायचं ठरवलं.

त्या नवरात्रात आमच्या पक्षाचे एक पदाधिकारी घरी आले. चहा पीत म्हणाले, "वहिनी, तुमची भक्ती हीच आपली ताकद. यंदा जोगवा जोरात करू. ढोल लावू, व्हिडिओ करू. घरं आम्ही काढून देतो."

ताई म्हणाल्या, "घरं ठरलेली हायेत."

भाऊजी उसळले. "आणि पाचवं? सुमनच्या दारात पदर पसरणार तू? फोटो काढून गावभर फिरवतील. तिकीट जाईल हातचं!"

"जोगवा हाय तो. पदर पसरायचाच असतो."

"निवडणूक झाली की पसर."

मी तिथेच उभी होते. ताईंनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि मग काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात बाई गप्प बसली की तो होकार समजतात.

मंगळवारी ढोल आला. पक्षाने काढून दिलेल्या पहिल्याच दारात एका बाईंनी परडीत पीठ वाढलं.

कॅमेरावाला म्हणाला, "सॉरी वहिनी, चेहऱ्यावर उजेड नव्हता. परत एकदा घेऊ."

त्या बाईंनी परडीत हात घातला, पीठ ओंजळीत परत घेतलं आणि पुन्हा वाढलं. हसऱ्या चेहऱ्याने.

वाढलेला जोगवा परत घेत नाहीत हो. आमच्याकडे लहान लेकरालाही हे कळतं. पण तिथे शंभर माणसं होती आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही.

घरी आल्यावर ताईंनी ते पीठ गायीला घातलं. नैवेद्याला घरचंच पीठ मळलं. मळताना रडत होत्या.

"पाचव्या दारी गेले असते तर तिकडच्यांचा प्रचार झाला असता. नाय गेले तर कुळाचार मोडला. मी जाऊ तरी कुठं गं?"

ताई निवडून आल्या. लोक म्हणाले, देवी पावली.

ताई मला हळूच म्हणाल्या, "कुणाला पावली?"

पुढे दर नवरात्रात तोच तमाशा. एका मंगळवारी त्या पहाटेच एकट्या निघाल्या, साध्या लुगड्यात. मागच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या. मागे वळून पाहिलं तर कार्यकर्ते मोबाईल धरून चालत होते. "ताईंची साधी राहणी" म्हणून लाईव्ह सुरू होतं.

कोपऱ्यावरूनच परत आल्या.

टर्म संपली, पण फ्लेक्स काही संपले नाहीत. मग आजारपण आलं आणि ताई गेल्याच.

त्या दिवशी अंगणात सगळ्या पक्षांचे नेते. सुमनमावशी गेटबाहेर उभ्या होत्या, हातात वाटी. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. सुतकात परडीला हात लावत नाहीत, तरी मीच ती घेऊन बाहेर गेले.

वाटीत पीठ होतं.

"दरसाल काढून ठेवायचे गं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, येईल. निवडणूक काय, जाते नि येते. माझ्या दारातून परडी रिकामी गेली नव्हती कधी. पण परडी आलीच नाही."

त्यांनी पीठ वाढलं. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो.

कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर होता. खाली लिहिलेलं, "विरोधकही नतमस्तक!"

सांगा, काय करायचं अशा लोकांचं?

आता परडी माझ्याकडे आहे. आणि परडीच्या मागोमाग तिकीट. काल भाऊजी म्हणाले, "लोकांची श्रद्धा आहे त्या परडीवर. तूच उभी राहा." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता.

मी गप्प बसले नाही. चांगलं मोठ्याने "नाही" म्हणाले. तरी सकाळी फ्लेक्स लागलाच.

माझी देवीवर श्रद्धा आहे. ती कुणाच्या बापाची नाही, आणि कुणाच्या पक्षाचीही नाही. हे लिहितानाही भीती वाटते, की यातलंच एखादं वाक्य उचलून उद्या फ्लेक्सवर टाकतील. कृपा करून ही पोस्ट फॉरवर्ड करू नका.

आज मंगळवार. नवरात्र नाही, पण ताईंचा दिवस म्हणून सकाळी परडी घेऊन निघाले होते. गेटबाहेर दोन कार्यकर्ते मोबाईल घेऊन उभे. "वहिनी, कुठे निघालात? सोबत येतो."

मी आत आले. दार लावून घेतलं.

सुमनमावशी, वाचत असाल तर वाटीभर पीठ काढून ठेवा. कधी येईन ते सांगता येत नाही.

ताई, श्रद्धांजली चौकात मोठ्या अक्षरांत लिहिलीच आहे, मी वेगळी लिहीत नाही.

परडी जपून ठेवली आहे. आजही रिकामीच राहिली.