माळ्यावरची घूस

दिवेआगरच्या कोकिळाबाईंचं स्वयंपाकात नाव होतं. तरीही त्यांच्या घरगुती निवासाला पुण्याच्या एका पाहुण्यानं मोबाइलवर कमी तारे दिले, आणि त्याला कारण त्यांची लेक शिवानी.

वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा कोकिळाबाईंनी खालच्या खोल्या पर्यटकांना दिल्या आणि घरची माणसं लाकडी माळ्यावर राहायला गेली. शिवानी दहावीत, अंगानं दणकट आणि कबड्डीची वेडी. त्यात नवल नाही म्हणा, आमच्या रायगडात पोरं चालायला लागायच्या आधी मांडी थोपटायला शिकतात. पण हिला जिल्ह्याच्या मुलींच्या संघात जायचं होतं. निवड होती पावसाळा सरता सरता, माणगावला. तोवर शाळेच्या मैदानात गुडघाभर चिखल, आणि व्यायामशाळा म्हणावी तर गावात नाहीच. मग उरला माळा. तिथं ती सूर्यनमस्कार घाली, दंड काढी, भिंतीला पाठ टेकून खुर्चीशिवाय खुर्चीत बसे आणि शेवटी बसल्या जागेवरून उंच उड्या मारी. उड्या म्हणजे तिचा जीव की प्राण. माळ्याच्या फळ्याही मागं राहत नसत, प्रत्येक उडीला धाडकन दाद देत.

पुण्याचे ते गृहस्थ सुरमई हाणून नुकते आडवे झाले होते. छतातून माती नाकावर पडली तसे ते बाहेर आले आणि वर काय आहे म्हणून विचारू लागले. लेक व्यायाम करतेय, एवढं सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण एवढी थोरली पोर भरदुपारी उड्या मारते हे परक्या माणसाला सांगायची कोकिळाबाईंना लाज वाटली.

"घूस हाय," त्या म्हणाल्या. "मोठी हाय, पण काय करत न्हाय."

यानं पाहुण्याला धीर येईल असं त्यांना मनापासून वाटलं होतं. पाहुण्यानं संध्याकाळीच सामान उचललं आणि लिहून टाकलं, 'जेवण उत्कृष्ट. माळ्यावर घूस आहे आणि मालकीणबाईंना ते माहीत आहे.'

पुढच्या आठवड्याचं आरक्षण रद्द झालं तेव्हा कोकिळाबाईंचा पारा चढला. व्यायाम खुशाल कर, पण पाहुण्याच्या डोक्यावर आवाज आला तर माणगावचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद मिळाली. शिवानी रडली, रुसली, समोरची आमटी तशीच ठेवून उठली. खोटं बोलली आई आणि शिक्षा हिला! दुसऱ्या दिवशी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा राग जरा निवळला, आणि तिच्या डोक्यात आलं, आवाज नको ना? मग आवाज न करता उडायचं.

तिनं काठोकाठ भरलेला तांब्या फळीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी उडी मारली. पाणी सांडलं. पुसलं, पुन्हा मारली, पुन्हा सांडलं. पहिले काही दिवस व्यायाम कमी आणि फळ्या पुसणंच जास्त झालं. हळूहळू तिला कळायला लागलं की आधी चवडे टेकायचे, मग टाचा, आणि त्याच वेळी गुडघे मऊ सोडायचे. बैठकाही ती इतक्या सावकाश काढू लागली की मांड्या थरथरायच्या आणि जिना बसून उतरावा लागायचा. आणि एका दुपारी ती उडाली, उतरली, तांब्यातलं पाणी जागचं हललं नाही. आनंदानं ती अशी किंचाळली की खालचे पाहुणे दचकून उठलेच. त्या दिवशी आईनं वर डोकावून तांब्या पाहिला, पोरीचे भिजलेले कपडे पाहिले, आणि ताकीद विसरून पाहुण्यांना चहा टाकायला खाली गेली.

माणगावला पाऊस होता म्हणून निवड सभागृहात, मॅटवर ठेवली होती. रोह्याकडची केसर नावाची मुलगी चढाईला आली की समोरचा संघ गारद व्हायचा. तिचे डोळे पुढच्या मुलींवर आणि कान मागं. मॅटवर पाय वाजला की ती झर्रकन वळायची. शिवानी डाव्या कोपऱ्यात उभी होती. सकाळपासून तिच्या हाती एकही पकड लागली नव्हती आणि शेवटचा डाव संपत आला होता. निवड करणारे सर तर तिच्याकडे बघतही नव्हते.

केसर आली, समोरच्या संघाच्या उजव्या कोपऱ्याकडे झेपावली. शिवानीचं काळीज धडधडत होतं, तेवढाच काय तो आवाज. ती वाकली, चवड्यांवर सरकत केसरच्या पाठीमागं पोचली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. केसर धपकन खाली आली आणि बाकीच्या मुली तिच्यावर कोसळल्या. सभागृह दणाणून गेलं.

"तू मागं आलीस कधी?" केसर बसल्या बसल्या विचारत होती. "पाय वाजलाच न्हाय तुझा."

सरांनी यादीत शिवानीचं नाव घातलं आणि सराव कुठल्या क्लबात करतेस म्हणून विचारलं. तिला धाप लागली होती. तेवढ्यात भिंतीकडेला बसलेल्या कोकिळाबाई उठल्या. एका पुणेकरापुढं जे बोलायची लाज वाटली होती, ते त्यांनी भरल्या सभागृहात सांगितलं.

"आमच्या माळ्यावर करते, सर. तिथं घूस बिस काय न्हाय, माझी लेक हाय."

घूस कुठून आली ते सरांना काही कळलं नाही. शिवानी मात्र धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली.