निखिल अजून जिवंत होता

“बर्न्स खोल आहेत. शिवाय इनहेलेशन इंजुरी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे गरम धुरानं श्वासनळी आतूनही भाजलेली. हा आठवडा निघाला तर आशा, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

निखिल माझा धाकटा भाऊ, लढाऊ विमानाचा पायलट. युद्ध सुरू होतं. शत्रूच्या माऱ्यात पेटलेलं विमान त्यानं आपल्या हद्दीत आणलं आणि मगच उडी घेतली. सीमेजवळची इस्पितळं भरलेली, म्हणून त्याला आमच्याच जबलपूरला पाठवलं. इथल्याच रांझी भागातल्या क्वार्टरमध्ये वाढलेला हा मुलगा. दोनदा निवड हुकली, तरी त्यानं हट्ट सोडला नव्हता.

ड्रेसिंग म्हणजे जुनी पट्टी सोडवून जखम धुणं. तेव्हा तो ओरडायचा. मी बाहेर भिंतीला टेकून उभी असायची.

लगेचच शहरातल्या गोरखपूर भागात त्याचा हार घातलेला फोटो लागला. खाली ‘अमर रहे’. मग इस्पितळाच्या फाटकाशी तशाच घोषणा. खिडकी बंद होती, तरी आवाज आत येत होता.

“ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी मेलो म्हणून ओरडून राहिलेत काय?”

मी खाली धावले. “वो ज़िंदा है! घर जाओ सब!”

एक गृहस्थ म्हणाले, “दीदी, हम तो सम्मान दे रहे हैं।”

दुसऱ्या दिवशी एक पुढारी कॅमेरेवाल्यांसह वॉर्डात शिरले. ना मास्क, ना गाऊन. सिस्टरनं अडवलं, तर तिलाच दटावलं. मी दारात पोचेपर्यंत फोटो निघालेही होते.

पुढे सेप्सिस झाला, म्हणजे संसर्ग रक्तात पसरला. “त्यांच्यामुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण त्यांना आत यायचा काही अधिकार नव्हता.”

निखिल गेला तेव्हा त्याचा हात धरायला जागा नव्हती, सगळ्या पट्ट्याच. त्याच सिस्टरनं माझी बोटं हळूच त्याच्या कपाळावर ठेवली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचं माणूस अशा वॉर्डात असेल, तर येणाऱ्यांना थांबवा. उद्धट म्हणतील, म्हणू द्या. मी भिडेखातर पुष्कळ जणांशी गोड बोलत राहिले. आता बोलत नाही.

त्याच्या शाळेत पाटी लागली आहे: ‘हसत हसत प्राण दिले.’ साफ खोटं! तो सिस्टरला रोज विचारायचा, “दीदी, मी परत विमान उडवीन ना?”

त्याला जगायचं होतं.