वैशालीचे धडकणारे तारे

कॉम्प्युटर चार-चार दिवस गणित करत बसला, की माणसांना चहा आणि गप्पांशिवाय काम उरत नाही. आमच्याकडे किस्से साचतात ते असे! जळगावच्या आमच्या कॉलेजात माझी विद्यार्थिनी वैशाली न्यूट्रॉन ताऱ्यांवर पीएचडी करत होती. सूर्याहून जड, पण जळगाव ते भुसावळ एवढेच रुंद असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत धडकतात. तेव्हा निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी कशा दिसतील, त्याचं मॉडेल तिला बनवायचं होतं.

*

जवळ येताना एकमेकांच्या ओढीने तारे ताणले जातात. किती ताणले जातात, त्यावर लहर बदलते. म्हणून वैशालीने दोन मॉडेलं केली. सहज ताणला जाणारा तारा ‘भरीत’, दाद न देणारा ‘कच्चं वांगं’. पेपर पाठवताना नावं बदलायची राहिली! परदेशातून तपासणाऱ्यांचं पत्र आलं : “भरीत मॉडेलचा संदर्भ सापडला नाही. कृपया द्यावा.”

मी कपाळाला हात लावला. वैशाली म्हणाली, “सर, आईचा नंबर देऊ का?”

*

शिंदखेड्याहून तिचे वडील, आबा, आले. पोरगी स्क्रीनसमोरून हलेना.

“ह्या तारा कवय धडकनात?”

“आबा, कोट्यवधी वर्षांपूर्वी.”

“मंग आते घाई कसानी शे? जेवाले चाल!”

*

एकदा धडकेला दोन फेरे उरले आणि लाईट गेली. इन्व्हर्टरनेही मान टाकली. मी खुर्चीत कोसळलो. वैशाली मात्र शेंगा सोलत बसलेली.

“दर तासाला सेव्ह करते सर. शिंदखेड्याची आहे मी, लाईटवर भरवसा ठेवीन का?”

*

मग व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक या विषयातले दादा माणूस. त्यांची सही झाली तरच पाच वर्षांचं काम पदरात पडणार. मागच्या बाकावर धुतलेली टोपी घालून आबा बसलेले.

साहेब पहिल्याच तक्त्यावर अडले. “तारा इतका ताणला जाणं शक्यच नाही! हा आकडा चूक, तर तुमची अख्खी लहर चूक. मी सही कशी करू?”

खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

वैशालीने पुढची स्लाईड लावली. “सर, हा आकडा तुमच्याच पेपरमधला आहे. पान नंबर खाली दिलाय.”

साहेबांनी स्लाईड दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग पेनाचं टोपण काढलं.

मागून आबांचा आवाज आला, “वैशू, सायेबले आधी पानी दे!”