प्लगची वायर

अंबरनाथ एमआयडीसीतला वडिलांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून घरात जेवण एक वेळ आणि मार दोन वेळा मिळायचा. बी.ए.च्या शेवटच्या पेपरला लोकल बंद होत्या, म्हणून वडिलांनी बदलापूरहून उल्हासनगरला सोडायला त्यांची जुनी मोटारसायकल काढली. ती चालू होईना.

"करंट येतो का बघ. धर प्लगची वायर!" म्हणत त्यांनी किक मारली. झटक्याने मी भिंतीवर आपटले.

"कॉलेजवाली म्हणे! एवढंही जमेना?" वर थोबाडीत बसली. ओठ फुटला.

झटका बसला म्हणजे करंट येत होता, बिघाड टोकाशीच होता. मी विळीवर वायरचं जळकं टोक कापलं आणि आतल्या तांब्याच्या तारेवर प्लगची कॅप पिळून घट्ट बसवली.

"आता गाडीला मारा, बाबा. मला नको."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. फुटक्या ओठाने मी पेपर लिहिला. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.