सिंहाने केलेलं कौतुक

हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्या मला त्यांतल्या रूपकांमुळे आवडत. देशाला नाव नाही, राज्यकर्त्याला चेहरा नाही, माणसांच्या जागी जनावरं. एम.ए.ला आमचे सर सांगत, रूपकाचा पडदा लेखकाला वाचवतो आणि वाचकाला तरीही सगळं दिसतं. घरातली मी पहिली पदवीधर. ते वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. सरांचे उपकार मी विसरलेले नाही. पण ते वाक्य खोटं आहे आणि त्याचा मला अजून राग येतो.

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच. वार्षिक सभेत ते विचारत, "बिनविरोध ना? सबकी सहमति?" टाळ्या पडत. एका वर्षी माझे वडील उठले. भंडाऱ्याकडच्या शेतातून येऊन पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. "एक डाव चिठ्ठ्या टाकून पाहू न," एवढंच म्हणाले. पुढच्या गणपतीत आरतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. रिसालीच्या बाजारात ओळखीचे लोक त्यांना पाहून वांगी निवडण्यात गर्क होऊ लागले. मंडळाच्या हॉलसाठी त्यांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या होत्या. आता ते त्याच हॉलसमोरून मान खाली घालून जात.

मी सूड म्हणून गोष्ट लिहिली. जंगल, म्हातारा सिंह, प्रश्न विचारणारा बैल. ती मंडळाच्या स्मरणिकेत छापून आली. अध्यक्षांनी मला मंचावर बोलावून शाल दिली आणि कानात म्हणाले, "वा बेटा! मागच्या अध्यक्षाला काय धारेवर धरलंस!"

घरी बाबांनी गोष्ट वाचली.

"यात मी कुठी हावो?"

"बैल, बाबा."

"मले बैल केलं? अन् त्याले सिंह? कावून?"

"रूपक आहे ते."

"त्याले समजलं?"

"नाही."

"मंग? शाल घेऊन आली तू त्याची."

पडद्याने मला वाचवलं होतं, बाबांना नाही.

पुढच्या स्मरणिकेसाठी मी एकच पान दिलं. माझ्या वडिलांनी सभेत मतदान मागितलं, म्हणून अध्यक्षांनी त्यांना वाळीत टाकलं आणि आपण सगळे गप्प बसलो, असं सरळ लिहिलं. अध्यक्षांनी ते पान दोन बोटांत धरून परत केलं.

"ही तक्रार झाली, साहित्य नाही. सिंह परत घाल, पहिल्या पानावर छापतो."

मी ते हॉलबाहेरच्या नोटीस बोर्डावर चिकटवलं. सकाळी तिथे कागदाचे फक्त कोपरे उरले होते. दुपारी माझं सदस्यत्व रद्द झाल्याचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं, सायकल काढली आणि तासाभराने फोटोकॉपीच्या दुकानातून माझ्या पानाच्या दहा प्रती घेऊन आले.

"चाल," दारातूनच म्हणाले, "बोर्ड मोठा हाये."