चार बाटल्या फरशीसाठी होत्या

अन्याय माझ्या ताईवर झाला. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी पावणेतीन वाजता, आरे कॉलनीजवळच्या एका स्टुडिओत. वेळ मुद्दाम सांगतेय, कारण सिनेमा कंपनीच्या पत्रात लिहिलंय, 'कलाकाराने फरशीबद्दल काहीही सांगितले नव्हते.' हे खोटं आहे. मी तिथे होते.

ताई चाकांवरच्या फिगर स्केटिंगची राज्य विजेती. यात शर्यत नसते. आखलेल्या वर्तुळावरून जायचं, गिरकी घ्यायची, उडी मारून पुन्हा त्याच रेषेवर उतरायचं. मरोळच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बाबांनी खिळा ठोकून, सुतळी धरून, ऑइलपेंटने तिची वर्तुळं आखली होती. आई कोपऱ्यात पापड वाळत घालायची आणि दम द्यायची, "पापडांवर पडलीस तर तो कप घेऊन घरात येऊ नकोस."

स्पर्धेचा व्हिडिओ बघून तिला सिनेमात बोलावलं. पहिल्या सिनेमात नायिकेची मैत्रीण, सात वाक्यं. तेवढ्यावर कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला 'हिरॉइन' म्हणून जास्तीची कोथिंबीर द्यायला लागला. दुसऱ्या सिनेमात मोठं काम मिळालं, स्केटिंग करणाऱ्या मुलीचंच.

त्या सोमवारी सेटवरची फरशी मेण लावून चकचकीत केलेली होती. ताईने एक चाक टेकवून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "घसरतंय. पुसावी लागेल." स्केटिंगवाल्यांत यावर साधा उपाय आहे, फरशी कोल्ड्रिंकने पुसायची. वाळल्यावर साखर चिकट होते, चाकाला पकड मिळते. प्रॉडक्शनवाल्याने तोंड वाकडं केलं. "मॅडम, चमक जाईल." मग म्हणाला, "बरं, लवकर उरका."

मी कँटीनमधून चार मोठ्या बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या आणि फडकं शोधायला गेले. परत आले तर बाटल्या रिकाम्या. लाइटवाले, मेकअपवाले, गर्दीत उभं राहायला आणलेली माणसं, सगळ्यांच्या हातात कागदी पेले. मोठं काम मिळालं की कलाकाराने युनिटला काहीतरी खाऊपिऊ घालायचं, अशी तिथली पद्धत. त्यांना वाटलं, हे तेच.

"थँक यू मॅडम, झकास," एकाने पेला उंचावला.

मी ताईच्या कानाशी लागले. "सांग ना त्यांना. मी अजून आणते."

"राहू दे गं. इतक्या प्रेमाने मॅडम म्हणतायत, आणि मी सांगू, हे फरशी पुसायला होतं?" ती हसली. मीही हसले. मोर्चात माइक सोडत नाही मी, आणि तिथे हसले. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओरडलं, "चला, टेक."

तिसऱ्या उडीनंतर उतरताना चाक सरकलं. गुडघ्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, चालेल, जिनाही चढेल, उडीचं विसरा. कंपनीने तिचे सगळे सीन दुसरीला घेऊन पुन्हा केले. त्या दुसरीला स्केटिंग येत नाही. चाकांच्या फळीवर उभी करतात, दोघं ढकलतात, वरचा चेहरा तेवढा घेतात. आणि मग ते पत्र आलं.

ताईने ते दोनदा वाचलं. "म्हणजे मी फरशी न बघता उडी मारली, असंच ना? हे तर नवशिकी पोरगीपण करत नाही गं." गुडघ्यासाठी ती रडली नव्हती. यासाठी रडली. आता ती गच्चीवर येत नाही. आई वर्तुळांवरसुद्धा पापड घालते, पूर्ण गच्चीभर.

कंपनी हलेल असं मला वाटत नाही. गुडघा तर परत येणारच नाही. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून तुम्ही रोज गर्दीत उभं राहायला जाता. त्या दिवशीही कोणीतरी गेला होतात. तुमची हळहळ नको. त्या कोल्ड्रिंकचा एक पेला तुमच्या हातात आला असेल, तर कागद घ्या आणि लिहा : 'फरशी घसरते, असं तिने माझ्यासमोर सांगितलं होतं.' खाली सही करा. आजच करा.